यंत्रातलं कुत्रं

माझी ताई आठ वर्षांची असताना एकदा जेवता जेवता चिमणीसारखी बोलली. तोंडात घास, आणि मधेच 'चिव्'. मी पाच वर्षांची. मला वाटलं, ही मला हसवतेय, म्हणून मी खो खो हसले. ताई हसली नाही. तिने मागे वळून पाहिलं, जणू आवाज दुसऱ्याच कोणीतरी काढला होता.

वर्षभराने चिमणी गेली आणि कुत्र्याचं पिल्लू आलं. शेपटीवर पाय पडल्यावर ओरडतं तसं, एकदम, 'क्यांव!' सातवीत त्याच्या जोडीला शेळी आली. बाबांचं ठाम मत होतं की पोरगी मुद्दाम करते. आई म्हणायची, "अगं, जरा आवर ना स्वतःला." ताई आवरायची. शिंक दाबून धरावी तसं, असं तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. पण दाबलेली शिंक जिरून तरी जाते. हे घशात चढत जायचं, कान तापायचे, आणि दहा-पंधरा मिनिटांनी दुप्पट जोराने बाहेर पडायचं. शाळेत तिचं नाव 'भूभू' पडलं. एका परीक्षेत दोनदा क्यांव झालं, तेव्हा बाईंनी तिला पेपरासकट व्हरांड्यात नेऊन बसवलं. त्या दिवसापासून ताई कुठल्याही खोलीत शिरली की आधी दार कुठे आहे ते बघायची. लग्नाचा विषय तिने कधी पुढे जाऊच दिला नाही. "रात्रंदिवस कोण दाबून धरणार?" एवढंच म्हणाली होती.

कॉलेजात असताना तिचं मनगट मोडलं. एक्स-रे काढायला गेलो, तर तिथला माणूस तिला म्हणाला, "हलू नका," आणि स्वतः पलीकडच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ताई दुखणं विसरून त्या दाराकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मी हेच शिकणार."

आणि शिकली. पुढे एका मोठ्या हॉस्पिटलात तिला एमआरआयच्या यंत्रावर घेतलं. पेशंट पलीकडे त्या बोगद्यात, ताई अलीकडे काचेमागे, मधे हे जाडजूड दार. यंत्र सुरू झालं की ठोकाठोक, घरघर, कोणी पत्रे बडवावेत तशी. ताई एकटी. पिल्लू ओरडो, शेळी ओरडो, ऐकायला कोणी नाही. पेशंट बदलताना ती पाच-सात मिनिटं दाबून धरायची आणि दार लागलं की सोडून द्यायची. अशी तिने अकरा वर्षं काढली. डबा खायलासुद्धा ती चौघांत बसली नाही. लोक तिला घुमी म्हणायचे. घुमी परवडली, भूभू नको, हा तिचा हिशोब.

मग एका सकाळी दुरुस्तीवाला येऊन तिच्या टेबलावरचा पॅनेल बदलून गेला. आत पेशंटच्या कानांवर हेडफोन असतात, त्यांत बोलायचं बटण या पॅनेलवर असतं. जुनं बटण दाबून धरलं तरच माइक चालू राहायचा. नवं एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. तो हे सांगून गेला होता म्हणे. ताईचं लक्ष नव्हतं. तो बाजूला उभा होता, आणि ती घशातलं दाबून धरत होती.

दुपारी एक म्हातारे घड्याळजी आले. हातघड्याळं दुरुस्त करणारे. त्यांना चक्कर यायची, डाव्या कानात सारखं शिट्टीसारखं वाजायचं. सोबत सून. ताईने त्यांना निजवलं, हेडफोन लावले, हातात रबरी फुगा दिला: काही वाटलं तर दाबा. काचेमागे येऊन बटण दाबलं, "बाबा, आता अजिबात हलायचं नाही हं," म्हणाली, आणि बोट उचललं.

पहिली ठोकाठोक संपली. दुसरी सुरू होण्याआधी मधे थोडा वेळ शांत असतं. त्या शांततेत ताईला क्यांव झालं. मग पुन्हा. मग शेळी.

आत घड्याळजी पाय झाडू लागले. फुगा दाबला गेला, टेबलावर घंटी वाजायला लागली. ताई धावत आत गेली, त्यांना बाहेर ओढलं. घामाने सदरा अंगाला चिकटला होता.

"कुत्रं," ते म्हणाले. "माझ्या कानात कुत्रं ओरडलं हो. अगदी आत."

ताईने काचेतून पॅनेलकडे पाहिलं. बटणावर हिरवा दिवा लागलेला होता.

तेव्हा ती बोलली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तिच्या तोंडून "यंत्राचा आवाज असतो तसा" असं काहीतरी निघालं. ती गेली आणि बटण बंद केलं. उरलेली तपासणी तिने ओठ दाताखाली धरून पार पाडली. रक्त आलं होतं.

तासाभराने ती तपासणीची चित्रं घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली, तेव्हा सून तिथेच बसलेली. "आत्तापर्यंत नुसती शिट्टी होती, डॉक्टर. आज म्हणतायत कुत्रं ऐकू आलं. शेळीपण. असं नव्हतं हो कधी त्यांना." डॉक्टर लिहीत होते. लिहिता लिहिता म्हणाले, "नसलेले आवाज ऐकू येणं, हे वेगळं. मानसोपचारवाल्यांना दाखवू. तोवर ही गोळी सुरू करा. आणि दुकानात एकटं बसू देऊ नका."

ताईने चित्रं टेबलावर ठेवली आणि बाहेर आली.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरली. सगळं सांगितलं. सांगताना दर वाक्याला क्यांव होत होतं. इतकं मी लहानपणीही ऐकलं नव्हतं. "मी सांगितलं तर मला काढतील," ती म्हणाली. "नाही सांगितलं तर त्या माणसाला वेडा ठरवतील. काय करू?"

मी काय म्हणाले ते लिहायला जीवावर येतंय, पण लिहिते. मी म्हणाले, "गप्प बस. एका गोळीने कोणी मरत नाही. डॉक्टरांना कळेलच आपोआप." मलाही भीती वाटली होती. तिची नोकरी गेली की ती घरात बसणार, आईसारखं मीही तिला आवर म्हणणार, हे मला दिसत होतं.

दोन दिवस ती कामावर गेली, पण कोणी नाव घेऊन हाक मारली तरी दचकायची. तिने पानात तसंच टाकलेलं अन्न मी पाहिलंय. बटणाजवळ तिने चिकटपट्टी लावून 'बंद?' असं लिहून ठेवलं होतं, आणि तरीही दर मिनिटाला ती दिवा बघायची.

तिसऱ्या दिवशी घड्याळजी पुन्हा आले. सून केसपेपरच्या रांगेत, ते बाकावर एकटे. गोळीने त्यांची जीभ जड झाली होती. दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि बोटं थरथरत होती. ज्या बोटांनी हा माणूस तांदळाच्या दाण्याहून लहान स्क्रू बसवायचा, ती. ताई मान खाली घालून पुढून निघाली होती. त्यांनी ओळखलं.

"ताई, एक विचारू? रागावू नका. त्या यंत्रात खरंच कुत्रं नव्हतं ना?"

ताईला उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलं आणि भर व्हरांड्यात, पंधरा-वीस माणसांसमोर, 'क्यांव!'

सगळ्यांच्या माना वळल्या. एक बाई बाकाखाली वाकून बघायला लागली. घड्याळजी मात्र ताईच्या तोंडाकडे बघत होते.

"हेच," ते हळूच म्हणाले. "हेच ते."

"हो बाबा. मीच ती. माइक चालू राहिला होता. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

म्हातारा रडायला लागला. ताई सांगते, तिला वाटलं आता हे ओरडतील, मारतीलसुद्धा. त्यांनी तिचं मनगट धरलं. "मग चला," म्हणाले, "त्यांना सांगा. माझं कोणी ऐकत नाही."

डॉक्टरांच्या दारापर्यंत दोघं एकमेकांना धरून गेले. म्हातारा तिला धरून नेत होता की ती त्याला, बघणाऱ्याला कळलं नसतं. आत तिने एका दमात सगळं सांगितलं, आणि पुरावा मागावा लागला नाही. मधे तीनदा पिल्लू आणि एकदा शेळी येऊन गेली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग केसपेपर ओढून दोन ओळी खोडल्या, गोळी खोडली. घड्याळजींना म्हणाले, "माफ करा." ताईला म्हणाले, "तीन दिवस? तीन दिवस तुम्ही गप्प बसलात?"



तिला यंत्रावरून काढून फायलींच्या खोलीत बसवलं. लेखी खुलासा मागवला. मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी त्या आवाजांना एक लांबलचक नाव सांगितलं, ते ताईने कागदावर लिहून घेतलं. ते तीस वर्षांपूर्वी कोणी बाबांना सांगितलं असतं तर, असं मी म्हणाले. तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. घड्याळजींचा दोष कानाच्या आत निघाला, उपचार सुरू झाले, बोटांची थरथर गोळी बंद केल्यावर आठवड्याभरात थांबली. त्यांनी सुनेकडून एक पत्र लिहवून पाठवलं, की या बाईंना काढू नये, त्यांनीच मला वाचवलं. ताईला ते पत्र सहन झालं नाही. "वाचवलं काय, बुडवलं आधी मीच," म्हणाली.

चार महिन्यांनी तिला यंत्रावर परत घेतलं, एका अटीवर: प्रत्येक पेशंटला आधी सांगायचं. मोठे डॉक्टर तिच्याशी अजून कामापुरतंच बोलतात. काही पेशंट हसतात. एकीने दुसरं माणूस मागितलं, आणि ताईने मुकाट्याने दुसऱ्याला बोलावून आणलं.

मागच्या महिन्यात माझ्या गुडघ्याची तपासणी होती. माझ्या आधी एक आडदांड ट्रकड्रायव्हर होता. ताईने त्याला सांगितलं, "माझ्या तोंडून अधूनमधून कुत्र्यासारखा आवाज निघतो. चुकून ऐकू आला तर तो माझा आहे, घाबरू नका." आवाज सरळ होता. पण दोन्ही हात पाठीमागे होते, आणि मी मागे उभी असल्यामुळे मला दिसलं, एका हाताने दुसऱ्याची बोटं इतकी आवळली होती की नखं पांढरी पडली होती.

त्याने विचारलं, "चावत नाही ना?"

ताईला हसू आलं. तो आत गेल्यावर मी म्हटलं, "अजून भीती वाटते?"

"दर पेशंटला," ती म्हणाली, आणि दार लावायला गेली. त्या संध्याकाळी मी 'गप्प बस' म्हणाले होते, त्याची माफी मी तेव्हाही मागितली नाही.