वॉर्डातलं ओके

जयपूरच्या इस्पितळात मी नवा डॉक्टर होतो. आमच्या म्हाताऱ्या वॉर्डबॉयला इंग्रजी एकच शब्द यायचा, ओके. सुया उकळल्या की ओके. रडणाऱ्या रोग्याला धीर द्यायलाही ओके. कुणी गेलं की पायांचे अंगठे पट्टीने बांधून, तोंडावर चादर ओढून तो त्याच आवाजात म्हणायचा, "ओके, साब." मला त्याची चीड यायची.

एकदा चौमूंहून त्याच्याच बायकोला आणलं. धनुर्वात होता. दुपारी ती गेली. अंगठे त्यानेच बांधले, कुणाला हात लावू दिला नाही. चादरही त्यानेच ओढली. मग खाली बघतच म्हणाला, "आज आप बोल दो, साब."

माझं सगळं शिक्षण इंग्रजीतलं. तेवढा एक शब्द तोंडातून निघेना. तो वाट बघत उभाच होता.