दांडीपासून मोजा

पडदेवाल्या वहिनी मागच्या खोलीत पडदे शिवून ऑनलाइन विकत. पडदा परत आला की गिऱ्हाइकाला पूर्ण पैसे मिळत. ऑनलाइन विक्री करून देणारी कंपनी मात्र विक्रीवर घेतलेलं कमिशन वहिनींना परत देतानाही त्यातला थोडा भाग कापून ठेवी.

“विकलं तरी यांचं, परत आलं तरी यांचंच!” वहिनी कडाडल्या.

“भाव वाढवा,” पलीकडच्या गल्लीत राहणारा दीर म्हणाला.

“मुळीच नाही. लोक दांडी सोडून काच मोजतात, म्हणून पडदा आखूड पडतो.”

त्यांनी टेप धरून खिडकीपाशी फोटो काढला आणि खाली लिहिलं, “दांडीपासून मोजा. काच मोजणाऱ्यांनी दुसरीकडे जावं.”

“अशानं गिऱ्हाईक पळेल, वहिनी!”

महिनाभरात एकच पडदा परत आला, आखूड म्हणून. मागवणारा दीरच होता.