छत ठोकून बसणारा पाहुणा

नातीला बघायला गंगापूर रोडच्या आमच्या घरी खाणीतला इंजिनियर आला. कोवळा पोरगा, नवीन नोकरी. बसण्याआधी त्याने छत्रीच्या टोकाने स्लॅब ठोकला आणि आवाज ऐकला.

"खाणीत छत ठोकल्याशिवाय खाली थांबत नाहीत, आजी."

स्थळ हातचं जाऊ नये म्हणून माझ्या मुलाने त्याला स्टूलसुद्धा आणून दिलं. बैठकीची खोली पास झाली. स्वयंपाकघराचं छत पोकळ वाजलं म्हणे, म्हणून त्याने पोह्यांसकट बायकांना बाहेर काढलं.

नातीने विचारलं, "हे जन्मभर चालणार?"

"छे! मॅनेजर झालो की दुसऱ्याला ठोकायला लावीन."

"मग मॅनेजर झाल्यावरच या."

त्याला ते पटलं. नमस्कार करून गेला.

स्लॅब अजून पडलेला नाही. पण स्वयंपाकघरात आता कोणी बसून जेवत नाही. मीही नाही.