कथविनमामाची उडी

कथविनमामाची बेकरी होती, आणि अख्ख्या अँग्विला बेटावर त्याच्याइतकं जड कोणी नव्हतं. ऑगस्टच्या शर्यतीत जोराच्या वाऱ्यात होडी उलटू नये म्हणून बाबा त्याला कडेला बसवत. परतताना वारा पडला की होडी हलकी करायला मामाच समुद्रात उडी मारायचा, आणि मागून येणारी होडी त्याला उचलून घ्यायची.

यंदा आभाळ काळवंडलं होतं. उडी मारता मारता मामा थबकला. "दाजी, मागं कुणीच दिसत नाही."

"येतील की. आणि पाव तरंगतोच," बाबा म्हणाले. आम्ही सगळे हसलो.

मामाने उडी मारली. किनाऱ्याजवळ आम्ही पुढच्या होडीला गाठलं, मागे टाकलं, आणि सवयीने तिच्यात मामाला शोधू लागलो. ती तर सगळा वेळ आमच्या पुढे होती. मामाने उडी मारली तेव्हा शर्यतीत शेवटचे आम्हीच होतो.