उल्काने पाडू न दिलेली इमारत

"मावशी, आई गेला..."

इरा फोनवर एवढंच म्हणाली. मी सर्जरीत होते, म्हणजे माझ्या दवाखान्यात, दोन पेशंटच्या मधल्या चार मिनिटांत. इरा उल्काची मुलगी, जन्मापासून ग्लासगोतली. मराठी तिला आईकडून ऐकून आलेली, त्यामुळे तिच्या बोलण्यात बस येतो आणि पाऊस पडते. उल्का तिला दर वेळी मध्येच थांबवून सुधारायची, कधी रागवायचीही. त्या दिवशी सुधारणारं कोणी उरलं नव्हतं, आणि मी सुधारलं नाही. "आलेच गं बाळा," म्हणाले. पुढच्या पेशंटचा कान तपासला, औषध लिहून दिलं, आणि मग दार लावून खुर्चीत बसून राहिले.

त्याला आता सहा आठवडे होतील. आजार कळल्यापासून तीन महिन्यांत ती गेली. इतके दिवस लिहायला बसायचे आणि उठायचे, कारण दुःखाचं काही लिहावं म्हटलं की तिच्या जिंकलेल्या लढायाच आठवतात. तेव्हा तेच लिहिते.

उल्का देशकर मला पहिल्यांदा भेटली ती इथल्या मंडळाच्या गणपतीत. एका चर्चचा हॉल भाड्याने घेतला होता. आरती चालू होती, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि एक उंच बाई मागच्या भिंतीला तळहात टेकवून डोळे मिटून उभी. मला वाटलं, चक्कर आली असेल. मी डॉक्टर, लगेच पुढे झाले. तिने माझाच हात धरून भिंतीला लावला. "बघा ना. ओली आहे. ही भिंत आजारी आहे बाप्पा." प्रसादाच्या रांगेत कळलं, बाई आर्किटेक्ट, नागपूरची, घरात मुलीला वाढवणारी एकटीच. महिन्याभरात आम्ही 'अगं-तुगं'वर आलो, आणि ती मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागली.

तिचं लहानपण नागपुरात सिमेंटच्या पत्र्याखालच्या दोन खोल्यांत गेलं. मे महिन्यात तिची आई दुपारी ओली चादर अंगावर घेऊन फरशीवर पडून राहायची. "घरात माणूस सुखानं झोपू शकत नसेल तर ते घर नाही, डबा आहे," असं उल्का म्हणायची. तिथे ऊन बाहेर ठेवायचं, इथे ऊब आत ठेवायची. भिंत, खिडकी आणि हवा यांचं गणित तेच, फक्त उलटं मांडायचं, हे तिचं सगळं तत्त्वज्ञान. आणि ते ती कोणालाही, कुठेही ऐकवायची. आम्ही उपनगरात घर घेतलं आणि मागे मोठ्या हौसेनं काचेची खोली बांधली. वास्तुशांतीला आलेल्या उल्काने पाहुण्यांसमोर जाहीर केलं, "हिवाळ्यात फ्रीज, उन्हाळ्यात भट्टी. मला विचारलं का नाहीस?" मी सहा महिने तिच्याशी बोलले नाही. त्या खोलीत बसायला मिळालेले दिवस बोटांवर मोजता येतात, हे आता कबूल करते.

अबोला सुटला तो मॉरीनमुळे. मॉरीन माझी पेशंट. तिच्याबद्दल लिहू का, असं विचारलं तेव्हा "नाव खरं घाला, भिते की काय मी!" म्हणाली. ही सत्तरी ओलांडलेली बाई दर हिवाळ्यात छाती धरून माझ्याकडे यायची. मी इन्हेलर द्यायचे, स्टेरॉइड द्यायचे, ती बरी व्हायची, घरी जायची आणि तीन आठवड्यांनी परत. एकदा घरी जाऊन तपासायची वेळ आली. जुनी चार मजली दगडी इमारत, आठ घरं, मध्ये सामाईक जिना, ज्याला इथे 'क्लोज' म्हणतात. मॉरीनच्या बेडरूममधलं कपाट जरा सरकवलं, तर मागची अख्खी भिंत बुरशीनं काळी. मी त्या संध्याकाळी उल्काला फोन केला. सहा महिन्यांचा राग वगैरे काही आठवला नाही.

ती दुसऱ्याच दिवशी टॉर्च घेऊन पोचली. दोन तास भिंती ठोकत, खिडक्यांच्या फटींत बोटं घालत फिरली. मग जिन्यात बसून तिने मला समजावलं. मूळचा दगड आणि चुना ओल शोषायचे आणि सोडायचे. मधल्या काळात कोणीतरी सुधारणा म्हणून बाहेरून सिमेंट लिंपलं, आतून प्लास्टिकचा रंग दिला, हवेची भोकं बुजवली. "रेनकोट घालून झोपवलंय इमारतीला. घाम कुठे जाणार?"

पण मॉरीनच्या हातात एक पत्र होतं. इमारतीची मालक असलेली हाउसिंग असोसिएशन ती पाडून तिथे नवी, 'हरित' इमारत उभी करणार होती. राहणाऱ्या सगळ्यांना दुसरीकडे हलवणार. मॉरीन त्या घरात एक्केचाळीस वर्षं राहिलेली, नवरा तिथेच गेलेला. उल्काने पत्र वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. नव्या इमारतीचे नकाशे ज्या मोठ्या फर्मकडे होते, तिथेच ती नोकरीला होती.

पुढचा आठवडा असाच गेला. मग एका रविवारी माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या म्हणाली, "राजीनामा देऊन राहिली मी." मी तिला वेडी म्हटलं. वय चौपन्न, इरा सोळाची, घरात कमावती हीच. ती म्हणाली, "अगं, पाडलेला दगड जाणार खड्ड्यात. नवं सिमेंट, नवं पोलाद भट्ट्यांतून येणार. घर उभं राहायच्या आधीच एवढा धूर, आणि मग वरून त्याला हिरवा रंग! मला हे येतं दुरुस्त करता. येत असून गप्प बसू?" मी चहा टाकला.

असोसिएशनच्या सभेत मी मागे बसले होते. उल्का भाषणाचे कागद घेऊन उठली. पण तिने कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "या खोलीत कोणाचं आजोळ अशाच जुन्या दगडी इमारतीतलं आहे?" जवळजवळ सगळे हात वर झाले, अध्यक्षबाईंचासुद्धा. "मग मला एक घर द्या. एकच. वरच्या मजल्यावरचं रिकामं आहे ते. दुरुस्त करते, तुमच्याच माणसांकडून मोजून घ्या. चुकले तर खुशाल पाडा." बऱ्याच वादावादीनंतर ते एक घर तिला मिळालं. अट अशी की हवाबंदपणाची चाचणी पास व्हायला हवी आणि एक हिवाळा निभावायला हवा.

काम डेव्ही नावाच्या कंत्राटदाराने घेतलं. हा गडी तीस वर्षं बांधकामात, लाल मानेचा, आणि सुरुवातीला उल्काच्या कशावरच विश्वास न ठेवणारा. उल्काने त्याच्याकडून प्लास्टिकचा रंग खरवडून घेतला, भिंतींना आतून लाकडाच्या तंतूंचे बोर्ड लावले, वर चुन्याचा गिलावा. खिडक्या तीन काचांच्या. आणि एक यंत्र, जे आतली दमट हवा बाहेर टाकतं, पण टाकताना तिची ऊब बाहेरून येणाऱ्या ताज्या हवेला देऊन ठेवतं. प्रत्येक फटीला पट्टी. डेव्ही एका गुडघ्यावर बसून पट्ट्या चिकटवायचा आणि पुटपुटायचा, "घर बांधतोय की पाणबुडी?"

चाचणीचा दिवस शनिवार होता, म्हणून मीही गेले. दारात कॅनव्हास ताणून त्यात मोठा पंखा बसवतात. तो घरातली हवा बाहेर खेचतो, आणि मग कुठून किती हवा आत घुसते ते आकड्यात कळतं. पंखा चालू झाला. तपासनीस आकड्याकडे बघत राहिला आणि हळूच मान हलवली. नापास. थोड्याने नाही, चांगलंच. डेव्हीने टोपी काढली. "संपलं, हेन," तो म्हणाला. ग्लासगोतली माणसं बायकांना मायेनं असंच म्हणतात. उल्काने पर्स उघडली, देवापुढे लावायच्या उदबत्त्यांचा पुडा काढला आणि आम्हां दोघांच्या हातात एकेक पेटती उदबत्ती दिली. "पंखा चालूच राहू दे. धूर जिथे वाकेल तिथे ओरडा."

आम्ही तिघं भिंतीच्या कडेकडेनं फिरायला लागलो. एक डॉक्टर, एक कंत्राटदार, एक आर्किटेक्ट, हातात उदबत्त्या, आणि कोपऱ्यात चकित तपासनीस. खिडक्या ठीक, फरशी ठीक. स्वयंपाकघराच्या दाराशी माझा सरळ चढणारा धूर एकदम आडवा झाला. "इथे!" मी खरोखरच ओरडले. डेव्हीने कान लावला, नखाने गिलावा खरवडला आणि हसत सुटला. आत शिशाची बारीक नळी होती. त्याच्या आजीच्या घरी होती तशीच. शंभर वर्षांपूर्वी क्लोजच्या दारातली घंटा ओढली की याच नळीतल्या तारेनं वर स्वयंपाकघरात घंटा वाजायची. तार कधीच गेली होती, नळी राहिली होती आणि अख्खा जिना तिच्यातून घरात श्वास घेत होता. नळी बुजवली. एवढ्याने भागेना, म्हणून तिच्यासारख्या आणखी दोन शोधून काढल्या. दुपारी पुन्हा पंखा लावला. तपासनीसाने आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि मग मीटर उल्काकडे फिरवलं. पास! डेव्हीने तिला उचलून गिरकी घेतली. खाली ठेवल्यावर ती भिंतीला टेकून रडली... तिला रडताना मी एवढं एकदाच पाहिलं.

तो हिवाळा कडक निघाला. वरच्या घरात हीटिंग जेमतेम सुरू करावं लागलं. वसंतात असोसिएशनचं पत्र आलं: इमारत पाडायची नाही, आठही घरं तशीच करायची. मॉरीन काही महिने वरच्या त्या घरात राहिली आणि मग आपल्या घरी परतली. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी डिसेंबरभर तिची वाट पाहिली. आली नाही. जानेवारी गेला. मनात नको ते यायला लागलं, म्हणून सर्जरी संपल्यावर तिच्याकडे गेले. दार उघडलं तर बाई अर्ध्या बाह्यांच्या ब्लाउजमध्ये, गालांवर रंग. "अगं बाई, डॉक्टर, काय झालं? कोण आजारी आहे?" तिनेच मला विचारलं. मी तिथूनच उल्काला फोन लावला आणि नुसता मॉरीनच्या हातात दिला.

आज त्या रस्त्यावरच्या आणखी चार इमारती तशाच होत आहेत. नकाशे उल्काचे, कामगार डेव्हीने शिकवलेले. ज्या फर्ममधून ती बाहेर पडली, त्यांनी दुरुस्तीचं काम कसं करायचं हे शिकवायला तिलाच बोलावलं. ती गेली, आणि टोमणा न मारता शिकवून आली, हे मला जास्त थोर वाटतं. आजारात, शेवटच्या भेटीत, मी तिच्या उशाशी बसून होते. तीच म्हणाली, "तोंड पाडून काहून बसलीस? मला जे करायचं होतं ते झालं ना. किती जणांचं होतं?" अंत्यसंस्काराला सगळं क्लोज आलं होतं, आठही घरं, आणि डेव्हीची माणसं कामाच्या बुटांतच.

गेल्या रविवारी मॉरीनकडे चहाला गेले. तिच्या बैठकीत आता नवऱ्याचा, नातवंडांचा, कुत्र्याचा असे फोटो दाटीवाटीनं लावलेत, पण खिडकीशेजारची भिंत पूर्ण कोरी. मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं. उल्काची एक सवय होती, जी मलाही ठाऊक नव्हती. कुठलीही भिंत गिलाव्यानं बंद करायच्या आधी ती आतल्या बोर्डवर पेन्सिलीनं चार ओळी लिहायची, पुढे कधीतरी ती भिंत उघडणाऱ्या माणसासाठी. या कोऱ्या भिंतीमागच्या ओळींचा मॉरीनने तेव्हा फोनवर फोटो काढून ठेवला होता. इंग्रजीत लिहिलं होतं, 'आत लाकूड आणि चुना आहे. सिमेंट लावू नका. डावीकडे पाण्याचा पाइप आहे, जपून. हे घर चांगलं आहे, पाडू नका.' सही मात्र देवनागरीत: उल्का देशकर, नागपूर.

"त्या भिंतीला मी कोणाला खिळा ठोकू देत नाही," मॉरीन म्हणाली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. बाहेर गारा पडत होत्या. आम्ही दोघी त्या भिंतीला पाठ टेकून बसलो, आणि कितीतरी वेळ मला शाल काढून ठेवल्याचं लक्षातही आलं नाही.