पेपरमिंटची बाटली आणि आईचं डोकं

"जाणार नाही म्हणजे नाही," आई म्हणाली आणि पिठाच्या डब्याचं झाकण असं काही आपटलं की समोरची काकू दारातून डोकावून गेली.

आईच्या छातीत गाठ निघाली होती. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, मग केमोची इंजेक्शनं सुरू झाली. निम्मी झाली होती, निम्मी बाकी होती. मधेच सोडलंत तर केलेलं सगळं पाण्यात जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आम्ही अंबरनाथला चाळीत राहायचो. वडील फॅक्टरीत पाळीवर, मी एका कंपनीत टायपिस्ट. आईला न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे होतं. भांडायचंही माझ्याकडेच, कारण आईपुढे तोंड उघडायची वडिलांची टाप नव्हती.

आईचं म्हणणं एकच, उलट्या. हॉस्पिटलच्या जिन्यात फिनेलचा वास आला की इंजेक्शनच्या आधीच तिच्या पोटात ढवळायचं. घरी आल्यावर भाताचा वास नको, साबणाचा नको, माझ्या पावडरचा तर नकोच नको. सुकटीवर जीव टाकणारी ही बाई, शेजारी सुकट भाजली की तोंडाला पदर लावून कोपऱ्यात बसायची. ते बघून मला फार वाईट वाटायचं. आणि वाईट वाटलं की मला राग येतो. स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार?

हॉस्पिटलातल्या एका केरळी सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "पेपरमिंट तेलाचा वास देऊन बघ. काही पेशंटना बरं वाटतं." मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हुंगू दे, हरकत नाही. पण त्याने आजार जात नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. इंजेक्शनं चुकवायची नाहीत." निघताना सिस्टरने बजावलं, रुमालावर एकच थेंब, तोही लांबून. पोटात घ्यायचं नाही, अंगाला लावायचं नाही.

अशा वस्तूसाठी उल्हासनगर सोडून जायचं कुठे? तिथे एका सिंधी अंकलचं एसेन्सचं दुकान होतं. अगरबत्तीवाले, साबणवाले, गोळ्या-चॉकलेटवाले सगळे तिथूनच माल न्यायचे. मी पेपरमिंटचं तेल मागितलं तर अंकल विचारतात, "कितना किलो?"

"किलो नहीं अंकल, एक छोटी बाटली. मेरी आई बीमार है."

कशासाठी हवंय ते ऐकल्यावर त्यांनी काउंटरवरचा डबा बाजूला सारला. "ये साबुनवाला है, तेरे काम का नहीं." आतून दुसरा आणला आणि झाकण उघडून थेट माझ्या नाकाखाली धरला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! अंकल एकदम खूश. "देखा? असली है. अम्मा को बोलना, दूर से."

आईने रुमाल हुंगला. "काय एकेक थेरं तुझी," म्हणाली. मग पुन्हा हुंगला. संध्याकाळी वाटीभर पेज प्यायली आणि ती पोटात राहिलीही. मी नाचायचीच बाकी होते! वडील तर पेजेच्या रिकाम्या वाटीकडे बक्षीस मिळाल्यासारखे बघत होते. पण इंजेक्शनचं नाव काढलं की पुन्हा तेच, जाणार नाही. माझं डोकंच फिरलं. उलटीवर तोड निघाली, आता काय अडलंय हिचं?

एक गोष्ट मात्र आमच्या डोळ्यांसमोर होती. आईचे केस सगळे गेले होते. डोक्यावरून पदर घ्यायची तिला कधी सवय नव्हती, पण आता घरातसुद्धा पदर घट्ट लपेटलेला, झोपताना फडकं बांधलेलं. वडिलांनीसुद्धा तिचं डोकं बघितलेलं नव्हतं. आम्ही कोणी विचारत नव्हतो, ती सांगत नव्हती.

इंजेक्शनला दोन दिवस उरले असताना, रविवारी, बदलापूर गावातून मावशी आली. आईची थोरली बहीण. दोघींची लहानपणापासूनची रीत ठरलेली, भेटल्या की मावशी आईला पुढ्यात बसवणार आणि डोक्याला तेल लावणार. ताप असो, भांडण असो, बाळंतपण असो, मावशीचा इलाज एकच. दार लोटून घेऊन आईने फक्त तिच्यापुढे पदर काढला. मी बाहेर सार्वजनिक नळावर कपडे धूत होते. मावशीने खोबरेल शोधायला फळीवर हात घातला तर ही बाटली दिसली. हॉस्पिटलने सांगितलेलं तेल! नुसत्या वासाने एवढा गुण, तर डोक्यात जिरवल्यावर किती येईल? मावशीने ओंजळीत ओतलं आणि मायेने चोळलं.

किंकाळी आली ती थेट नळापर्यंत.

"मेले गं मेले! डोकं पेटलं! अगं नाही, गारठलं! पेटलंच गं बाई!" आई धावत आली आणि मला ढकलून नळाखाली डोकं घातलं. पाणी लागल्यावर तर तिने नुसता थयथयाट केला. सगळी चाळ बाहेर. आईच्या तोंडून अशा शिव्या निघत होत्या की वडील लगबगीने आत गेले. मागून मावशी आली. तिने त्याच हातांनी डोळे पुसलेले, त्यामुळे तिलाही काही दिसत नव्हतं. "बाय माझे, मी काय केलं गं!"

शेवटी समोरच्या काकूचं डोकं चाललं. तिने खोबरेल थापून पुसून काढलं, वरून बेसन चोळलं, पुन्हा पुसलं, पुन्हा थापलं. हळूहळू आईचा श्वास जागेवर आला. आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की आई नळावर बसलीय, पदर खांद्यावर, उघडं डोकं बेसनाने माखलेलं. कोणी हलेना.

काकू बेसनाचं भांडं हातात घेऊन म्हणाली, "बाई, आता नुसतं तळायचं राहिलंय."

आईने तिच्याकडे बघितलं. आणि हसली! अशी हसली की तिला ठसका लागला. मग काय, सगळी चाळ पोट धरून हसायला लागली. वडीलही दारात येऊन हसत होते.

हसू ओसरल्यावर आईने डोक्यावरून हात फिरवला. पदर वर घेतला नाही. मला म्हणाली, "उलट्या सोसल्या असत्या गं मी. मला वाटायचं, तिकडे चारचौघांत पदर घसरला, कोणी हे टक्कल बघितलं, की मला मेलेलीच धरतील. बघून रडायला लागतील. आता सगळ्यांनी बघितलं. कोणी रडलं का?"

"मावशी रडतेय," मी म्हटलं.

"तिच्या डोळ्यांत तेल गेलंय." आईने बेसनाचे हात पदराला पुसले. "मंगळवारी किती वाजता निघायचं?"

उरलेली सगळी इंजेक्शनं घेऊन ती पुढे ठणठणीत बरी झाली. पण त्या वेळी मी घाईघाईने वळून नळाखाली तोंड धरलं, कारण माझ्या डोळ्यांत काही तेल गेलेलं नव्हतं.