शाळा क्रमांक नऊ

परिपाठ चालू होता आणि माझ्या पर्समधला फोन सारखा थरथरत होता. दोनदा दुर्लक्ष केलं, तिसऱ्यांदा वैतागून बाहेर काढला तर नाझचं नाव. नाझ म्हणजे माझ्या मैत्रिणीची, रेहानाची मुलगी. शाळेच्या वेळेत ती कधी फोन करत नाही. "मावशी, मम्मी गेली... डबा भरता भरता खाली बसली आणि गेली," ती म्हणाली. मी फोन ठेवला, मुलांना बसा म्हटलं, हजेरी घेतली. शेवटचं नाव घेऊन झालं आणि मग मला रडू फुटलं. कुसगावला रेहानाच्या घरी पोचले तोवर घर माणसांनी भरलं होतं. दुपारच्या नमाजनंतर पुरुष तिला घेऊन गेले, आम्ही बायका मागं राहिलो. टेबलावर तिच्या प्रबंधाची फाईल उघडीच होती, वर चष्मा. मी त्या फाईलकडं पाठ करून बसले. का, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे. परवा तिचा चाळिसावा दिवस झाला. आता गप्प बसणं मला जमत नाही.

रेहाना आणि मी डी.एड.ला एका बाकावर बसायचो. ती लोणावळ्याची, बोलणं तोलूनमापून; मी खेड्यातली, तोंडाची तिखट. दोघींनाही जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, पुढं दोघी मुख्याध्यापकही झालो. शेहेचाळिसाव्या वर्षी तिनं पीएच.डी.ला नाव नोंदवलं, विषय शैक्षणिक नेतृत्व आणि नवोपक्रम. "आता या वयात डॉक्टर होऊन कुणाला इंजेक्शनं देणारेस?" असं मीच तिला म्हटलं होतं. ती हसली. तिला एक प्रश्न छळत होता आणि तो पार पहिल्या नेमणुकीपासूनचा होता. तिथल्या मुख्याध्यापक बाईंनी शाळेचा कारभार मुलांच्या हाती दिला होता. परसबाग, वह्या-पेन्सिलींचं दुकान, भांडणांचा निवाडा, सगळं मुलं बघायची. बाईंची बदली झाली आणि सहा महिन्यांत त्यातलं काही उरलं नाही. "माणूस जातो ते कळतं गं मंदा, पण काम का जातं?" ती विचारायची. "एवढंच मला शोधायचंय."

तिची एक सवय होती. प्रश्न विचारून झाला की ती चष्मा काढायची आणि ओढणीच्या टोकानं पुसत बसायची, काचा स्वच्छ असल्या तरी. एकदा मी हटकलं तर म्हणाली, "मी बघत राहिले तर समोरचा मला आवडेल ते बोलतो. चष्म्याशिवाय मला तसंही काही दिसत नाही, हे त्याला कळू दे." असल्या गोष्टींचं मला तेव्हा हसू यायचं. कामाला एवढा वेळ लावणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तिच्या अभ्यासात आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, चौदा शाळा होत्या. प्रश्नावलीचे चौदा संच तिनं माझ्याकडं दिले आणि बजावलं, "प्रत्येकाला घरी नेऊ दे, आठवडाभर ठेवू दे." मी हो हो म्हटलं. आता आमच्या लोकांची रीत सांगते. कुठलाही छापील कागद हातात आला की आम्हांला तो वरून आलेला वाटतो. दुपारपर्यंत माहिती पाठवा, नाहीतर खुलासा द्या, यातच आमचा जन्म गेला. मासिक शिक्षण परिषदेत जेवणानंतर मी ते संच मुख्याध्यापकांना वाटले आणि फळ्यापाशी उभी राहिले. "चला, सगळे मिळून उरकून टाकू. पहिला, नेहमी. दुसरा, नेहमी." मुख्याध्यापक सहकाऱ्यांना विचारून निर्णय घेतात का, नेहमी. उपक्रम वर्षभर चालतो का, नेहमी. "अकराव्याला कधीकधी लिहा, म्हणजे खरं वाटेल," हेही मीच सुचवलं आणि सगळे हसले. वीस मिनिटांत चौदा संच तयार. ते तिच्या हातात ठेवताना मला केवढा अभिमान वाटला होता... मैत्रिणीचं काम चुटकीसरशी केलं म्हणून.

पंधरा दिवसांनी तिनं मला लोहगडवाडीला बोलावलं. आठवड्यातला मधला वार, गडावर जाणारं कुणी नव्हतं, टपरीत आम्ही दोघीच. पिठलं-भाकरी येईपर्यंत तिनं ते कागद बाकावर मांडले आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर पाण्याचा तांब्या ठेवला. "चौदा शाळांत एकच मुख्याध्यापक आहे, मंदा. आणि ती अकराव्या प्रश्नाला अडखळते." मी आधी चिडलेच. मदत करायची आणि वर हे ऐकून घ्यायचं का, असं काहीबाही बोलले. ती भांडली नाही. "माझंच चुकलं. तुझ्यावर सोपवायला नको होतं," म्हणाली, आणि ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं. मार्गदर्शकांना तिनं प्रश्नावल्या बाद केल्याचं कळवलं, माझं नाव मात्र घेतलं नाही. मग प्रत्येक शाळेत स्वतः जाऊन, समोर बसून विचारायचं ठरवलं. आपली शाळा सांभाळून, रजा काढून, लोकलनं कान्ह्याला उतरून पुढं मिळेल त्या गाडीनं. त्यात दीड वर्ष गेलं. ते दीड वर्ष मी तिच्याकडून घेतलं, दुसऱ्या कुणी नाही.

माझ्या शाळेत ती आली ती आधी शाळा समितीच्या आबांशी बोलायला. आमच्या वाचनपेटीच्या उपक्रमाला तालुक्याचं बक्षीस मिळालेलं, प्रमाणपत्र माझ्या खुर्चीमागं भिंतीवर. मी शेजारच्या वर्गात वह्या तपासत होते, कान सगळे तिकडं. "पेटी हाय की मॅडम," आबा म्हणाले, "पुस्तकं बी लय झ्याक." तिनं चष्मा काढला असणार, कारण बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आबाच म्हणाले, "पर अजून एक पान दुमडल्यालं न्हाई. कुलूप आसतंय. चावी बाईंच्या पर्समधी." मला त्यात गैर काय ते कळतही नव्हतं. पुस्तकं फाटली तर, तपासणीला कोरी दिसायला नकोत का, असा माझा हिशेब. फोटोपुरती पेटी उघडायची, पुन्हा बंद. ते कुलूप मी आता काढलंय. त्याचा तिला काय उपयोग.

त्या दिवशी जाताना तिनं माझ्यापुढं एक कोरी प्रश्नावली ठेवली. "ही तू एकटीनं भर. नाव कुठं येणार नाही. तुझी शाळा क्रमांक नऊ."

"आबांनी सांगितलं ना सगळं," मी म्हटलं. "टाक की लिहून."

"आबांचं आबांच्या रकान्यात. मुख्याध्यापकाचं मुख्याध्यापक सांगेल तेव्हा."

देते म्हटलं, आणि दिली नाही. दिवाळी होऊ दे, परीक्षा होऊ दे, निकाल लागू दे... ती महिन्यातून एकदा विचारायची, तेही संकोचून, जणू चूक तिचीच. बक्षीस काढून घेतील अशी भीती मला नव्हती. माझ्याच अक्षरात "नाही" लिहायची हिंमत होत नव्हती, एवढंच. विद्यापीठानं तिला एकदा मुदतवाढ दिली होती, दुसरी मिळणार नव्हती. शेवटची भेटली ती लोणावळा स्टेशनवर, जिना चढून आलेली, धाप लागलेली. मी नजर चुकवून म्हटलं, "पुढच्या आठवड्यात नक्की." ती म्हणाली, "हो गं, घाई नाही." घाई होती. मुदत संपायला सहा आठवडे उरले होते, हे मला नंतर नाझकडून कळलं.

चाळिसाव्याची जेवणं उरकल्यावर नाझनं मला आतल्या खोलीत नेलं आणि ती फाईल उघडली. चौथं प्रकरण, एक तक्ता. उपक्रम आजही चालू आहे का, मुख्याध्यापकांचे उत्तर. तेरा ओळी भरलेल्या होत्या... हो, नाही, नाही, थोडाफार. नवव्या ओळीत पेन्सिलीनं लिहिलेलं, "प्रतीक्षेत". "मार्गदर्शक सर म्हणत होते, तेरा पुरेत, ही ओळ काढून टाका आणि प्रबंध देऊन टाका," नाझ म्हणाली. "मम्मी ऐकेना. म्हणायची, ती देईल, तिला वेळ लागतो." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चाळीस दिवस मी स्वतःला समजावत होते की तिचं हृदय कमजोर होतं, त्याला मी काय करणार. ते खरंच आहे. पण प्रबंध टेबलावर राहिला तो हृदयामुळं नाही. तिनं माझी वाट पाहिली म्हणून राहिला.

"मावशी, एक विचारू?" नाझ म्हणाली. "तुमच्या शाळेतली पेटी चालू होती का?" एवढं विचारलं आणि तिनं आईचा चष्मा उचलला, ओढणीच्या टोकानं पुसायला लागली. काचा स्वच्छ होत्या. ती माझ्याकडं बघत नव्हती.

बाहेर बायका भांडी घासत होत्या. नाझ पुसत राहिली.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नव्हती. लिही."

तिनं चष्मा खाली ठेवला, खोडरबरानं "प्रतीक्षेत" पुसलं आणि आईसारख्याच बारीक अक्षरात माझं उत्तर लिहिलं. तक्ता पूर्ण झाला. तो सादर करायला मात्र आता कुणी नव्हतं.